चष्मा पुसेपर्यंत

त्या आठवड्यात मालिकेचा नायक घोड्यावरून पडला होता.
सगळं ओल्यांव गाव त्याच्या मांडीच्या हाडासाठी हळहळत होतं.
कारखान्यात सार्डिनची डोकी उडवता उडवता
बायका पैजा लावत होत्या,
नायिका आता तरी त्याला माफ करील का.

मी मात्र त्या रात्री,
भाग त्रेचाळीस, जाहिरातींच्या जरा आधी,
भलत्याच दोघांच्या हाती लागले.

तो आन्सेल्मु, मोठ्या घरचा ड्रायव्हर.
तोवर त्याचं काम एवढंच : दार उघडणं, दार लावणं,
आणि मागच्या सीटवर भांडण पेटलं
की आरशात न बघणं.
ती लिओनिल्द, बेकरीतली.
संवाद मोजून चार, त्यातले तीन पावाच्या भावाचे.

तो म्हणाला, "तुमच्या चष्म्याला पीठ लागलंय."
तिनं चष्मा काढला, एप्रनच्या टोकानं पुसू लागली.
एप्रनलाही पीठच. म्हणून वेळ लागला.
चष्म्याविना तिला काही दिसत नसावं,
कारण ती हसली ती थोडी डावीकडे बघून,
जिथं तो नव्हता,
पावांची फळी होती.

आणि तो हलला नाही.
बाहेर मालकाचा हॉर्न वाजत होता,
टोपी हातात, एक पाय उंबऱ्याकडे निघालेला,
तो पाय तसाच अर्धा उचललेला.
तिनं चष्मा पुन्हा घातला
की जिथं सोडला तिथंच आपण सापडावं म्हणून.

सात सेकंद. नंतर मी मोजले.
पुढे लगेच नायकाचं प्लास्टर.

इदालीना, माझी नणंद, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला
ऑलिव्हच्या बिया बशीत थुंकत म्हणाली,
"पायात गोळा आला असेल नटाच्या."
मी म्हटलं, त्या दोघांचं काहीतरी आहे.
"लिहिणाऱ्याला पत्ता नाही, आणि तुला बरा लागला!"

खरंच नव्हता त्याला पत्ता.
साठाव्या भागात त्यानं आन्सेल्मुला ब्राझीलला धाडलं,
एका वाक्यात, तेही स्वयंपाकिणीच्या तोंडून.
लिओनिल्द पुढे एकदाच दिसली,
नायिकेच्या लग्नाचा केक घेऊन येताना.
चष्मा नवा होता.

मी काय करणार? दोघांना माझ्याकडे ठेवून घेतलं.
कारखान्यातल्या वाफेनं काचा धुरकटल्या
की त्यांची गोष्ट थोडी पुढं ढकलायची :
आज त्यानं पत्र लिहिलं.
आज तिनं ते पिठाच्या डब्याला टेकवून वाचलं,
हात कणकेत होते.

माझा नवरा कुश्तोदियु, इदालीनाचा भाऊ, चांगला माणूस होता.
पण त्याच्याशी बोलताना मी चष्मा पुसायला घ्यावा
आणि वर बघावं तर खुर्ची रिकामी,
धक्क्यावर होडीचं इंजिन सुरू.
तक्रार नाही. भरती कुणासाठी थांबते?

यंदा मार्चमध्ये मोतीबिंदू काढला, फारूच्या इस्पितळात.
दुसऱ्या डोळ्याचा तर आधीच भरवसा नव्हता.
पट्टी बांधताना इदालीना म्हणाली, "मी आहे गं इथं,"
आणि बडबडत राहिली, मासळीचे भाव, शेजारणीचा कुत्रा,
मग मध्येच गप्प झाली.
मला वाटलं, गेली कॉफी प्यायला.
भावाचीच बहीण.

संध्याकाळी नर्सनं पट्टी सोडली.
आधी खिडकी आली,
मग भिंतीला टेकलेला एक लाल स्वेटर,
सकाळी होता नेमका तिथंच,
मग स्वेटरवर हळूहळू इदालीनाचं तोंड उगवलं,
भुवया आधी.

"हलली नाहीस तू?"
"खुर्च्या कुठे होत्या, गाढवे?" ती म्हणाली.

तिच्या मागे दाराशी दोन खुर्च्या होत्या.
दोन्ही रिकाम्या.
मला आता लांबचं स्पष्ट दिसतं.